91, अपर सर्क्युलर रोड : घरातल्या प्रयोगशाळेचा एक विसरलेला हिशेब

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे नाव निघाले की मर्क्युरस नायट्राइट, बेंगाल केमिकल आणि त्यांची साधी राहणी या तीन गोष्टी ठरलेल्या असतात. भारतीय रसायन उद्योगाची सुरुवात कलकत्त्यातील एका भाड्याच्या घरात झाली, हेही अभिमानाने सांगितले जाते. त्या घरात आणि त्याआधीच्या एका विद्यार्थी-खोलीत जे अपघात घडले, त्यांची नोंद मात्र चरित्रांमध्ये विचित्र रीतीने येते. दोन प्रसंग हसत सांगितले जातात. तिसरा एका वाक्यात उरकला जातो. 1932 साली प्रसिद्ध झालेल्या रायांच्या इंग्रजी आत्मचरित्रात तिन्हींचा उल्लेख आहे. ते एकत्र ठेवून वाचले, तर घरातल्या प्रयोगांचा एक वेगळाच इतिहास दिसू लागतो.

पहिला प्रसंग 1880च्या सुमाराचा. राय तेव्हा ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनचे विद्यार्थी होते आणि विज्ञानाच्या व्याख्यानांसाठी प्रेसिडेन्सी कॉलेजात बाहेरचे विद्यार्थी म्हणून बसत. तेथे अलेक्झांडर पेडलर रसायनशास्त्र शिकवीत. पेडलरांचे प्रयोग पाहून राय आणि त्यांचे सहाध्यायी इतके भारावले की, त्यांनी एका मित्राच्या बिऱ्हाडीच छोटी प्रयोगशाळा मांडली. एकदा त्यांनी ऑक्सि-हायड्रोजन फुंकनळी करायचे ठरवले. काच किंवा जाड पितळ परवडणारे नव्हते. म्हणून कल्हईच्या पातळ लोखंडी पत्र्याचे उपकरण झाळून घेतले. त्याचा भयंकर स्फोट झाला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

या ‘सुदैवाने’मागचे भौतिकशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. ऑक्सि-हायड्रोजन फुंकनळीचे सारे मर्म एका नियमात आहे: दोन्ही वायू शेवटपर्यंत वेगळे राहिले पाहिजेत आणि ज्योतीच्या तोंडाशीच भेटले पाहिजेत. झाळकामात सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले, किंवा भांड्यातली हवा पूर्ण बाहेर जाण्याआधीच काडी लावली, तर मिश्रण भांड्याच्या आतच तयार होते. हायड्रोजन हवेत सुमारे 4 ते 75 टक्के एवढ्या रुंद पट्ट्यात पेटू शकतो. स्वयंपाकाच्या वायूचा पट्टा याच्या तुलनेत फार अरुंद आहे. पेटण्यासाठी लागणारी ऊर्जा मिलिज्यूलच्या पन्नासाव्या भागाएवढी, म्हणजे कोरड्या दिवशी कपड्यांच्या घर्षणातून उडणारी, डोळ्यांना न दिसणारी ठिणगीही पुरते. शुद्ध ऑक्सिजनबरोबर तर दोन्ही आकडे आणखी वाईट होतात.

ज्योत नळीतून मागे सरकू नये यासाठी तोंड अरुंद ठेवतात, कारण अरुंद फटीच्या भिंती ज्योतीची उष्णता शोषून तिला विझवतात. हम्फ्री डेव्हीच्या 1815च्या खाणदिव्याची जाळी याच तत्त्वावर चालते. पण मिथेनची ज्योत साधारण 2 मिलिमीटरच्या फटीत विझते, तर हवेतील हायड्रोजनची ज्योत विझवण्यासाठी फट 0.6 मिलिमीटरच्या आसपास असावी लागते आणि ऑक्सिजनबरोबर त्याहूनही बारीक. हाताने कापलेल्या पत्र्याच्या नळीकडून एवढ्या काटेकोरपणाची अपेक्षा कोण ठेवील? बंद भांड्यात हे मिश्रण पेटले की दाब क्षणात आठ-दहा पट होतो. पातळ पत्र्याचे भांडे अशा वेळी सांध्यावर फाटते आणि त्याच्या चिरफळ्या कोणत्या दिशेने उडतील हे केवळ योगायोगावर असते. विद्यार्थी त्या दिशेला बसलेले नव्हते, एवढेच.

दुसरा प्रसंग घडला तेव्हा राय एडिंबरा विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी घेऊन परतले होते आणि 1889पासून प्रेसिडेन्सी कॉलेजात महिना 250 रुपयांवर शिकवीत होते. 91, अपर सर्क्युलर रोड येथील भाड्याच्या घरात त्यांनी औषधी रसायने बनवण्यास सुरुवात केली. सोडियम फॉस्फेटसाठी त्यांना हाडांची राख हवी होती. राखेवर गंधकाम्लाची क्रिया करून पुढे सोडा घातला की ते क्षारद्रव्य मिळते. खाटकांकडून आणलेली कच्ची हाडे त्यांनी गच्चीवर वाळत घातली. थंडीचे कोरडे दिवस असूनही पाऊस आला, हाडांना चिकटलेले मांस कुजले, अळ्या पडल्या, कावळे जमले आणि शेजारी नगरपालिकेकडे जाण्याची धमकी देऊ लागले. अखेर हाडे शहराबाहेर नेऊन जाळली, तेव्हा गस्तीचा शिपाई आला. येथे प्रेत तर जाळत नाहीत ना, असा त्याला संशय आला. गोष्ट गमतीची खरीच. तरी शेजाऱ्यांची तक्रार रास्त होती, हेही म्हणायला हवे.

तिसरा प्रसंग सतीशचंद्र सिंह यांचा. ते नात्याने अमूल्यचरण बोस यांचे मेहुणे आणि रसायनशास्त्राचे एम. ए. होते. नोकरीच्या मागे न लागता ते या धडपडीत सामील झाले. डॉ. अमूल्यचरण बोस औषधांची वैद्यकीय बाजू आणि विक्री पाहत, तर सतीशचंद्र प्रत्यक्ष निर्मितीत राबत. काम करताना प्रुसिक ॲसिडची, म्हणजे हायड्रोसायनिक आम्लाची, बाधा होऊन त्यांचा मृत्यू झाला. पुढे 1898 साली बोसही प्लेगने गेले. नफा तुटपुंजा, दिवसभर कॉलेज, आणि आता सारा कारखाना एकट्या रायांच्या अंगावर. 1901 साली त्याची मर्यादित कंपनी झाली, 1905 साली माणिकतला येथे स्वतंत्र कारखाना उभा राहिला. चरित्रे येथून पुढे वेगाने जातात.

सतीशचंद्रांपाशी थोडे थांबले पाहिजे. सौम्य हायड्रोसायनिक आम्ल त्या काळी ब्रिटिश औषधसंहितेत रीतसर होते. खोकला, उलटी यांवर ते थेंबांनी देत. त्यामुळे औषधांच्या कारखान्यात ते असणे अजिबात नवलाचे नव्हते. संहितेतील कृती मात्र थंड हवेच्या देशात लिहिलेल्या होत्या. शुद्ध हायड्रोजन सायनाइड सुमारे 26 अंश सेल्सियसला उकळते. लंडनमधील खोलीत ते बहुतेक वेळा द्रवरूप राहील. कलकत्त्यात मार्चपासून पुढे कित्येक महिने दुपारचे तापमान याच्या वर असते. सौम्य द्रावणातूनही उष्ण हवेत अधिक वाफ सुटते आणि शीतक नळीतील पाणीच कोमट असेल, तर ऊर्ध्वपातनात वाफ पुरती थिजत नाही. कडू बदामासारख्या वासाने धोका कळेल, हा भरवसाही खोटा; कित्येकांना तो वास आनुवंशिक कारणाने जाणवतच नाही. हा रेणू पेशींतील ऑक्सिजन वापरणाऱ्या विकरालाच अडवतो आणि सावरण्यासाठी काही मिनिटे सुद्धा मिळत नाहीत. राहत्या घरात वायू बाहेर खेचणारे धुराडे-कपाट नाही, शेजारच्या मेजावर दुसरा माणूस असेलच असे नाही.

येथे एक योगायोग मनाला लागतो. सायनाइडवर पुढे जो उतारा रूढ झाला, त्यात नायट्राइट आहे: ते रक्तातील काही हिमोग्लोबिनचे असे रूपांतर करते की सायनाइड त्याला जाऊन चिकटते. सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट यांची जोडी 1930च्या दशकात उपचारात आली. रायांची जगभरची कीर्ती 1896च्या मर्क्युरस नायट्राइटपासून सुरू झाली आणि नायट्राइटांच्या कुलावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले.

या तीन प्रसंगांत शौर्याची किंवा बेफिकिरीची तफावत नाही. पत्र्याचे भांडे बनवणारा विद्यार्थी सतीशचंद्रांहून अधिक सावध नव्हता. उलट कमीच शिकलेला होता. फरक पडला तो चिरफळीची दिशा आणि वाफेची दिशा यांत. आत्मचरित्रे लिहिण्यासाठी जे उरतात, त्यांचेच स्फोट विनोदी ठरतात. म्हणून ‘घरात धडपड केली म्हणून शास्त्रज्ञ झालो’ हा निष्कर्ष नेहमीच एका गाळलेल्या नमुन्यावर उभा असतो.

आज देशभरातील विद्यार्थी मोबाइलच्या जुन्या चार्जरवर पाण्याचे विद्युत अपघटन करतात. प्रयोग सुंदर आहे. पण दोन्ही ध्रुवांवरचे वायू एकाच बंद बाटलीत गोळा केले, तर तयार होते ते नेमके त्या पत्र्याच्या भांड्यातले मिश्रण, तेही दोनास एक या सर्वांत स्फोटक प्रमाणात. पाण्यात मीठ टाकले, तर ऑक्सिजनच्या जागी मुख्यतः क्लोरीन येतो. दोन उघड्या परीक्षानळ्या, मिठाऐवजी धुण्याचा सोडा, उघडी खिडकी आणि खोलीत दुसरे कोणीतरी जागे; एवढ्यावर हाच प्रयोग निर्धोकपणे होतो आणि हायड्रोजनचा तो छोटा ‘पॉप’ आवाजही ऐकायला मिळतो.