बावन्न रुपयांचा संसार

मुंबईत पगार पुरत नाही, ही तक्रार जुनी आहे. तिचा पक्का लेखी हिशेबही उपलब्ध आहे. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने मे 1921 ते एप्रिल 1922 या काळात 2473 कामगार कुटुंबांचे जमाखर्च लिहून घेतले. फिंडले शिरास यांनी तयार केलेला तो अहवाल 1923 साली छापला गेला. कुटुंबाची सरासरी मिळकत दरमहा सुमारे 52 रुपये. त्यातले शेकडा 57 रुपये पोटापाण्यावर जात, भाड्यावर शेकडा 8 सुद्धा नाहीत.

आज निम्मा पगार घरमालकाच्या हातावर ठेवणाऱ्याला या आकड्याचा हेवा वाटेल. मात्र त्याच अहवालात पुढे आहे की शंभरातली 97 कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. भाडे कमी, कारण माणसे दाटीवाटीने कोंबलेली. कामगाराच्या ताटातले धान्य तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या धान्यापेक्षा कमी भरले, हेही सरकारी कचेरीनेच नोंदवले. जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात होती. व्याज रुपयाला महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा 75.

मग भागत कसे होते? उत्तर गावाकडे आहे. 1921 च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या. बायका-मुले, म्हातारी माणसे कोकणात, घाटावर, उत्तरेत. गडी गिरणीत नाहीतर बोटीवर. एकेका गावच्या माणसांनी मिळून खोली घ्यायची, पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे. मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांच्या बिशा होत्या, गिरणगावात घाटी बायकांच्या खानावळी. आमच्या कोकणी मुसलमानांतही बाप बोटीवर आणि घरची शेती आईच्या डोक्यावर, अशी घरे गावोगाव होती. मुंबईचा पगार पुरला असे आपण म्हणतो, तेव्हा गावातल्या त्या बाईची मेहनत कुणी मोजलेली नसते. माझ्या मते या शहराच्या इतिहासातली ही मोठी उधारी आहे.

सरकारने काही केले नाही असे नाही. 1920 साली विकास खाते निघाले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एकूण 207 इमारती, प्रत्येकीत 80 खोल्या. भाडे कामगाराला परवडेना, जागाही तेव्हा आडबाजूला, म्हणून कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला!

1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे 1940 च्या पातळीवर गोठवले. ज्याच्या नावावर पावती होती तो तरला, आणि या कायद्याने हजारो गरिबांचे छप्पर वाचवले हे मान्यच केले पाहिजे. पण मालकांनी दुरुस्ती सोडली, खोली हातबदल होताना पगडी मागितली जाऊ लागली आणि भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधणे जवळजवळ थांबले. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांपैकी कितीतरी जण गावी परतले. शहराने हात वर केले तेव्हा पुन्हा गावानेच पोसले.

नंतर आलेल्यांच्या वाट्याला 11 महिन्यांचा करार आला. आधी कुर्ला, मग मुंब्रा, मग त्याहून पुढे. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा प्राथमिकच्या सेवकाला दरमहा 3000 रुपये मानधन होते. 2023 साली ते 16000 झाले. एवढ्यात खोलीची अनामत रक्कम जमत नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्यासाठी भिशी चालते, लग्नाळू मुलाला पहिला नंबर देतात. आणि भातकापणी झाली की गावाहून अम्मी तांदळाचे पोते पाठवते.