टंगस्टनची तार : उष्णोपचार व डोपिंग यांचा इतिहास

१९०४ मध्ये युस्ट व हानामान यांनी सिद्ध केलेले टंगस्टनचे फिलामेंट अत्यंत ठिसूळ होते. स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिज यांनी १९१० च्या सुमारास हा प्रश्न सोडविला. टंगस्टनची कांडी अतितप्त अवस्थेत ठोकून, नंतर उतरत्या तापमानास डायमधून ओढली असता स्फटिककण लांबट, तंतुमय होतात व तार थंड असतानाही वाकते. इतर धातू थंड ओढल्याने कडक व तापविल्याने मऊ होतात; येथे मात्र पुनःस्फटिकीभवन टाळणे हेच तन्यतेचे मर्म ठरले.

तथापि, पेटलेल्या दिव्यात तेच पुनःस्फटिकीभवन घडते व तार स्वभाराने लोंबू लागते. थोरिया मिसळल्याने कणवाढ रोखली गेली, परंतु लोंबणे थांबले नाही. ते अलादार पाट्झ यांनी टंगस्टन ऑक्साइडमध्ये अल्कली सिलिकेट मिसळून थांबविले. त्यांना १९२२ मध्ये एकस्व मिळाले. कूलिज यांच्या तुलनेत त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते, हे प्रस्तुत लेखकास अन्यायाचे वाटते. अर्थात या डोपिंगचे कारण तेव्हा अज्ञातच होते. तारेत रांगेने अडकलेले पोटॅशियमचे सूक्ष्म बुडबुडे कणसीमांना आडवे सरकू देत नाहीत आणि कण परस्परांत गुंतलेले, लांबट राहतात, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने १९६० नंतरच उलगडले. तोवर कारखान्यांतून ही तार अनेक दशके निघत होती.