तुळजापूरचा गोरा पोलीस अधिकारी आणि त्याचा अमीर अली

तुळजापूर, नळदुर्ग, हिंगोली. मराठवाड्यातली ही गावे एका इंग्रज माणसाच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येतात. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. इतिहासात तो ठगांवरच्या कादंबरीचा लेखक म्हणून ओळखला जातो. पण त्याआधी तो निजामाच्या फौजेतला सैनिक होता, आणि विशीही ओलांडली नव्हती तेव्हा आपल्या भागातला पोलीस अधिकारी झाला होता.

टेलरचा जन्म १८०८ साली लिव्हरपूलचा. पंधराव्या वर्षी तो मुंबईतल्या एका व्यापारी पेढीत नोकरीसाठी आला. पेढीची अवस्था वाईट निघाली. एका नातेवाइकाने खटपट करून १८२४ मध्ये त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळवून दिली आणि तो औरंगाबादला दाखल झाला. तिथे मुन्शी ठेवून तो हिंदुस्तानी शिकला, पुढे फारसी आणि मराठीही. ही भाषाच त्याच्या उपयोगी पडली. थोड्याच वर्षांत निजामाच्या नैर्ऋत्य जिल्ह्यांत साहाय्यक पोलीस अधीक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली आणि तुळजापूरला त्याने मुक्काम ठोकला.

या काळातला एक प्रसंग त्याने आत्मचरित्रात सांगितला आहे. यात्रेकरूंची तक्रार आली की दुकानदार पिठात वाळू मिसळतात. टेलरने ना खटला भरला, ना दंड केला. दुकानदारांना बोलावले, त्यांच्याच पिठाच्या भाकरी करायला लावल्या आणि त्यांनाच खायला सांगितल्या. लोकांना असा न्याय लक्षात राहतो. पुढे १८५३ ते १८५७ तो नळदुर्गचा डेप्युटी कमिशनर होता. त्या मुलखात लोक त्याला ‘महादेव बाबा’ म्हणत.

त्याचे घरही या मातीशी जोडलेले होते. पत्नी मेरी ही हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची मुलगी. विल्यमचे वडील इंग्रज जनरल, तर आई फैज बख्श बेगम, मुघल वळणाच्या मुस्लिम घराण्यातली. म्हणजे टेलरच्या मुलांची पणजी मुसलमान होती.

आता दुसरी बाजू. पोलिसातली ती जागा काही काळाने रद्द झाली आणि टेलर पलटणीत परतला. पुढे हिंगोलीच्या छावणीत असताना ठगांच्या जबान्यांनी सगळा मुलूख हादरला. छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी होता. तोच ठगांचा म्होरक्या निघाला. एका व्यापाऱ्याचा खून करून त्याचे कापड त्याने रीतसर परवाना घेऊन छावणीत आणले आणि विकले होते. आपण पोलिसात राहिलो असतो तर हे आधीच उघडकीस आणले असते, ही रुखरुख टेलरला आयुष्यभर राहिली.

याच जबान्यांतून १८३९ साली त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी आली. विलायतेत ती प्रचंड खपली. तिचा निवेदक कोण? हरीसिंग नव्हे, तर अमीर अली. जबान्यांत हिंदू होते, मुसलमान होते, सर्व जातींचे लोक होते. पण इंग्रजी वाचकाच्या डोक्यात जो चेहरा ठसला तो भवानीची पूजा करणाऱ्या, गोड बोलून रुमालाने गळा आवळणाऱ्या मुसलमानाचा.

खून झाले नव्हते असे मी म्हणत नाही. वाटसरू मारले जात होते, त्यांची प्रेते विहिरींत आणि नाल्यांत सापडत होती. प्रश्न पुराव्याचा आहे. बहुतेक खटले माफीच्या साक्षीदारांच्या तोंडी शब्दावर उभे होते, आणि त्या साक्षीदारांचा जीव अधिकाऱ्याच्या मर्जीवर टांगलेला होता. १८३६ च्या कायद्याने तर विशिष्ट खून सिद्ध करण्याचीही गरज उरली नाही. ठगांच्या टोळीत होता, एवढे ठरले की जन्मठेप. कृत्य नव्हे, टोळी हाच गुन्हा! याच विचारातून १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. आपल्याकडचे पारधी आणि त्यांच्यासारखे इतर समाज त्यात अख्खेच्या अख्खे भरडले गेले. १९५२ साली ते ‘विमुक्त’ झाले, पण शिक्का आजही पुसलेला नाही.

मग टेलर मुसलमानांचा वैरी होता का? मुळीच नाही. १८६३ च्या ‘तारा’ या कादंबरीत त्याने तुळजापूरच्या ब्राह्मण शास्त्र्याची मुलगी आणि अफझलखानाचा मुलगा फाझल यांची कथा लिहिली. खानाच्या घरातली माणसे त्यात राक्षस नाहीत, माणसे आहेत. आयुष्याच्या शेवटी तो चांदबीबीवर लिहीत होता. १८७६ मध्ये तो वारला. सुरपूरला त्याचे घर आजही ‘टेलर मंझिल’ म्हणून ओळखले जाते.

मला वाटते, धडा इथेच आहे. आपल्याविषयी पूर्वग्रह पसरवणारा माणूस दर वेळी दुष्टच असतो असे नाही. तो भाकरीचा न्याय करणारा, आपली भाषा बोलणारा, आपल्याशी सोयरीक जोडणारा भला माणूसही असू शकतो. त्याने फक्त पोलिसी जबानीला इतिहास मानले आणि त्या इतिहासाला एकच नाव दिले. ‘तारा’ आज कुणाला आठवत नाही. अमीर अली मात्र अजून जिवंत आहे.