छडी आणि घास

घरचा कुत्रा दार उघडे सापडताच रस्त्यावर पळतो. मालक हाका मारून थकतो. बऱ्याच वेळाने कुत्रा परत येतो आणि येताच त्याच्या पाठीवर छडी बसते. पळाल्याची शिक्षा दिली, असे मालकास वाटते. परंतु कुत्र्याच्या लेखी मार बसला तो परत आल्याबद्दल! हा घोटाळा शास्त्राने उलगडला तो गेल्या सव्वाशे वर्षांत.

१८९८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेल्या मांजरांना पेटीत कोंडून प्रयोग केले. धडपडीत खटका उघडे, मांजर सुटे, अन्न मिळे. पुढे पुढे ते अधिकाधिक लवकर सुटू लागे. ज्या कृतीचे फळ गोड, ती पुन्हा घडते, हा त्याचा अर्थ. १९१० साली जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांचे श्वानशिक्षणावरील पुस्तक निघाले. त्यात सक्तीला मोठे स्थान होते. तथापि फळ कृतीच्या पाठोपाठ मिळाले तरच जनावराला बोध होतो, हे मर्म त्यांनीही ओळखले होते.

पुढे बी. एफ. स्किनर यांनी १९५१ च्या एका लेखात हे शास्त्र सामान्य माणसापुढे ठेवले. घास तोंडाशी पोचेपर्यंत नेमका क्षण निसटतो. म्हणून टिकटिक वाजणारे लहान खेळणे घ्यावे आणि आवाजामागून घास येतो हे कुत्र्यास कळू द्यावे, असा त्यांचा तोडगा होता. १९६० नंतरच्या दशकात कॅरन प्रायर हवाई बेटांवर डॉल्फिनांना शिकवीत होत्या. डॉल्फिनला ना पट्टा, ना छडी. रागवावे तर तो पोहत दूर जाणार! तेथे शिट्टी आणि मासळी यांवरच काम भागे. हा अनुभव त्यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात मांडला आणि पुढे तो श्वानशिक्षणात रुजला.

कोणी म्हणेल, ही तर लाच! पण लाच कामाआधी दाखवतात. बक्षीस काम झाल्यावर मिळते. शिवाय ममता म्हणजे लाड नव्हेत. जेवताना भुंकणाऱ्या कुत्र्यापुढे पोळीचा तुकडा टाकणारा मालक त्याला भुंकणेच शिकवीत असतो.

तेव्हा उशिरा परतलेल्या कुत्र्याला, मन संतापलेले असतानाही, शाबासकी आणि घास द्यावयाचा. यात अवघड धडा कुत्र्याचा नाही, मालकाचा आहे.