मोमियाईची अफवा: सांगणाऱ्याला पारखावे कसे? #थ्रेड

१/ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि भयाने लाखो लोकांनी शहर सोडले. पुण्याकडे निघालेल्यांची आगगाडी कर्जतवरून बोरघाट चढे.

२/ त्याच सुमारास एक अफवा उठली: इस्पितळात रोग्यांना मारून त्यांच्या देहातून ‘मोमियाई’ काढतात. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला.

३/ भय निराधार नव्हते. घरांच्या झडत्या, रोग्यांना सक्तीने हलवणे, फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा हे सारे खरे होते. परंतु सरकार जुलमी असल्याने मोमियाई खरी ठरत नाही. अफवा पसरवणारा एका गोष्टीचा पुरावा दुसरीला चिकटवतो.

४/ हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःला टोचली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेल्या व न घेतलेल्या कैद्यांची तुलना झाली. म्हणजे त्यांचा दावा इतरांना तपासता येत होता.

५/ अधिकृत मतही चुकते. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल येथे लशीनंतर १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना पदावरून दूर केले गेले. रोनाल्ड रॉस आदींनी पुरावे मांडल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले.

६/ म्हणून सांगणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. हे स्वतः पाहिले की केवळ ऐकले? कोणता पुरावा मिळाल्यास आपण मत बदलाल? तसा पुरावा पूर्वी मिळाला, तेव्हा बदलले होते का?