रोमन पंगतीतली वाइन
(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मित्राला जेवायला बोलवावं, त्यानं 'येतो' म्हणावं, पानं मांडून वाट बघावी आणि तो आलाच नाही, तर घरातल्या माणसांना काय वाटतं हे वेगळं सांगायला नको. इसवी सन १००च्या आसपास रोममध्ये धाकट्या प्लिनीवर हा प्रसंग आला. हा प्लिनी मोठा वकील, पुढे प्रांताचा कारभारी झालेला. सेप्टिसिअस क्लारस नावाच्या मित्रानं त्याच्याकडचं आमंत्रण स्वीकारलं आणि ऐनवेळी तो दुसऱ्याच कोणाकडे गेला. प्लिनीनं त्याला लटक्या रागानं पत्र लिहिलं, तुझ्या नावाचा खर्च पै न् पै वसूल करणार म्हणून धमकावलं आणि पत्रात त्या रात्रीच्या जेवणाची यादीच दिली. त्यामुळे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या एका न झालेल्या मेजवानीत काय काय होतं, ते आपल्याला नेमकं ठाऊक आहे.

माणशी एक लेट्यूसचा गड्डा, तीन गोगलगायी, दोन अंडी. भरड गव्हाची पेज, तिच्याबरोबर मध घातलेली वाइन आणि बर्फ. शिवाय ऑलिव्ह, बीट, दुधी, कांदे. बर्फाचा खर्च तर आधी धरायला हवा, कारण वाढता वाढता तो विरघळून जातो, असा चिमटाही त्यानं काढला आहे. मित्र गेला होता तिथे कालवं होती, डुकरिणीच्या गर्भाशयाचे पदार्थ होते आणि स्पेनमधल्या काडिझहून आलेल्या नर्तकी होत्या. प्लिनीकडे फार तर कोणी वीणा वाजवली असती नाही तर काही वाचून दाखवलं असतं. मित्र कुठे रमला असेल हे सांगायला इतिहासकार कशाला हवा?

हल्ली आपल्याकडे शहरांतून मित्रमंडळी जेवायला जमली की कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन, ही चर्चा निघते. पांढरी माशाबरोबर, तांबडी मटणाबरोबर, वगैरे. हे सगळं फार प्राचीन असावं असा आपला समज असतो. पण पदार्थागणिक पेला बदलण्याची रीत युरोपात रुळली ती एकोणिसाव्या शतकात. त्याआधी तिथेही पुष्कळसे पदार्थ एकदमच मेजावर मांडत. रशियन पद्धतीनं एकामागून एक पदार्थ वाढायला सुरुवात झाल्यावर प्रत्येकाला स्वतंत्र वाइन देणं सोयीचं झालं. आपलं ताट अजून जुन्याच पद्धतीचं आहे. चटणी, कोशिंबीर, भाजी, आमटी सारं एका वेळी समोर असताना वाइननं जोडी जमवायची कोणाशी?

रोमन लोकांकडे मात्र जेवणाचे टप्पे होते. आधी तोंडी लावण्याचे पदार्थ, मग मुख्य जेवण, शेवटी फळफळावळ. संपूर्ण जेवणाला लॅटिनमध्ये 'अंड्यापासून सफरचंदापर्यंत' असंच म्हणत. पहिल्या टप्प्याला ठरलेलं पेय होतं मुल्सुम, म्हणजे मध मिसळलेली वाइन. अंडी, पालेभाज्या, खारवलेले मासे यांच्याबरोबर ते गोड पेय घेत. पुढे साधी वाइन, तीही पाणी घालूनच. हिवाळ्यात गरम पाणी, उन्हाळ्यात परवडलं तर बर्फ. निव्वळ वाइन पिणारा माणूस रानटी समजला जाई. जेवण झाल्यावर पिण्याची बैठक लांबली तर फासे टाकून एकाला प्रमुख नेमत आणि पाणी किती घालायचं ते तो ठरवी. पाहुणे किती असावेत यावरही विचार झालेला होता. वारो नावाच्या विद्वानाचं म्हणणं होतं की तिघांपेक्षा कमी नकोत आणि नवांपेक्षा जास्त नकोत. भोजनगृहात तीन कोच आणि एकेका कोचावर तिघं जण आडवे, हा हिशेब त्यात बरोबर बसतो.

आता जोडी जमवण्याबद्दल. होरेस या कवीनं इसवी सनापूर्वी ३०च्या सुमारास एका मेजवानीची टिंगल केली आहे. नासिडिएनस नावाचा नवश्रीमंत यजमान. एकेक पदार्थ आला की हा त्यावर व्याख्यान देतो. एका मोठ्या परातीत वामेसारखा एक लांब मासा, भोवती कोळंबी. यजमान सांगू लागतो, मासा कधी पकडलेला असावा, तेल कुठलं, स्पेनमधल्या माशांचं आंबवलेलं खारट पाणी कसं घातलं. शिजताना पाच वर्षं मुरलेली इटलीतलीच वाइन घालायची, शिजल्यावर मात्र कीऑस बेटावरची, कारण तिच्याइतकी याला दुसरी कुठलीच शोभत नाही. वर पांढरी मिरी. एवढ्यात भिंतीवरचे पडदे धुळीसकट परातीत कोसळतात, यजमान हुंदके देऊन रडतो. पुढे पाहुणे त्याच्या व्याख्यानाचा सूड म्हणून पदार्थांना तोंडही न लावता निघून जातात.

अमुक पदार्थाला अमुक वाइन शोभते असं सांगणारा हा मला माहीत असलेल्या जुन्यांतला जुना गृहस्थ, आणि तो साहित्यात आला तो हास्यास्पद होऊन! त्या पांढऱ्या मिरीकडे मात्र लक्ष असू द्या. ती आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून तिकडे गेलेली होती.

याच होरेसनं स्वतः आपल्या आश्रयदात्याला, मायकेनसला, बोलावलं तेव्हा आधीच बजावलं की माझ्याकडे फालेर्नियन वगैरे काही मिळणार नाही, साबाइन टेकड्यांतली हलकी वाइनच प्यावी लागेल. मात्र ती त्यानं स्वतःच्या हातानं मडक्यात भरून मोहरबंद केली होती. मायकेनस आजारातून उठून नाट्यगृहात आला आणि लोकांनी टाळ्यांचा गजर केला, त्या दिवसाची आठवण म्हणून. वाइन स्वस्त खरी, पण निवडताना पदार्थाकडे न पाहता माणसाकडे पाहिलेलं. मला ही निवड नासिडिएनसच्या निवडीपेक्षा वरची वाटते.

पहिल्या शतकाच्या शेवटाकडे मार्शल नावाच्या कवीनं मित्रांना धाडलेली आमंत्रणं तर घरगुती स्वयंपाकाचा दस्तऐवजच आहेत. शेतावरच्या कारभाऱ्याच्या बायकोनं आणलेली, आपल्या अंबाडीच्या कुळातली पालेभाजी, लेट्यूस, कांद्याची पात, पुदिना. माशावर अंड्याच्या चकत्या. करडाचं मटण, बाकल्याच्या शेंगा, कोवळा कोबी. एक कोंबडी आणि एक डुकराची मांडी, जी आधीच्या तीन जेवणांतून वाचली होती! शिळं वाढणार असल्याचं आमंत्रणातच कबूल करणारा यजमान विरळा. वाइन नोमेंटमची, म्हणजे जिथे त्याचा स्वतःचा मळा होता तिथली. दुसऱ्या एका आमंत्रणात तर तो म्हणतो की वाइन तुम्ही प्यायलात की आपोआप चांगली होईल.

आणि त्या सात जणांच्या जेवणाला तो एक हमी देतो. इथे जे बोलाल त्याचा सकाळी पस्तावा होणार नाही, माझ्या पेल्यांमुळे कोणी आरोपी ठरणार नाही. आज हे वाक्य विनोदी वाटेल. पण इसवी सन ९६मध्ये मारला गेलेला सम्राट डोमिशियन याच्या काळात खबऱ्यांच्या सांगण्यावरून माणसं मारली गेली होती, आणि मार्शलचे पाहुणे त्या दिवसांतून गेलेले होते. म्हणून तो गप्पांसाठी विषय सुचवतो रथांच्या शर्यतींचा. हिरवा संघ की निळा, यावर वाटेल तेवढं भांडा.

या सगळ्यात रोमन माणसाला खरोखर बोचणारा प्रश्न होता तो वेगळाच. वाइन कोणत्या पदार्थाला, यापेक्षा कोणती वाइन कोणाला? आपल्याकडे यासाठी चपखल शब्द आहे, पंक्तिप्रपंच. व्याह्यांच्या पानात तुपाची धार आणि शेवटच्या पानापर्यंत येईस्तोवर तांब्या रिकामा, हे पाहिलेल्यांना समजावून सांगायला नको.

प्लिनीचंच आणखी एक पत्र आहे. तो एकाकडे जेवायला गेला होता. यजमान स्वतःला रसिक आणि टापटिपीचा समजे, प्लिनीच्या मते तो एकाच वेळी उधळ्याही होता आणि कंजूषही. वाइन छोट्या बाटल्यांतून तीन प्रतींची ठेवली होती. एक यजमान आणि प्लिनीसारख्यांसाठी, दुसरी कमी दर्जाच्या मित्रांसाठी, तिसरी मुक्त केलेल्या गुलामांसाठी. निवड करता यावी म्हणून नव्हे, तर नाकारता येऊ नये म्हणून. शेजारच्यानं प्लिनीला विचारलं, हे तुला पटतं? प्लिनी म्हणाला, नाही. मी जेवायला बोलावतो, अपमान करायला नाही. माझ्याकडे सगळ्यांना एकच. मुक्त गुलामांनाही? हो, त्या वेळी ते माझ्या पंगतीचे असतात. मग खर्च फार येत असेल! मुळीच नाही. कारण मी पितो ती वाइन ते पीत नाहीत, ते पितात ती मी पितो.

हा पंक्तिप्रपंच रोमला नवा नव्हता. ज्युलिअस सीझरबद्दल सांगतात की त्याच्या घरी भटाऱ्यानं पाहुण्यांना वेगळा पाव आणि त्याला वेगळा वाढला, तेव्हा त्यानं भटाऱ्याला बेड्या घातल्या. इसवी सनापूर्वी ४६च्या मेजवानीत याच सीझरनं चार प्रकारच्या वाइन वाढल्या, असं घडल्याची ती पहिलीच वेळ, अशी नोंद प्लिनीच्या मामानं, थोरल्या प्लिनीनं केली आहे. कडक शिस्तीचा केटो अभिमानानं सांगे की स्पेनच्या मोहिमेवर जाताना मी वल्हेकऱ्यांचीच वाइन प्यायलो.

पण केटोनं शेतीवर लिहिलेलं पुस्तकही आपल्याकडे आहे. द्राक्षांचा हंगाम संपल्यावर शेतावरच्या गुलामांना तीन महिने काय प्यायला द्यायचं? पिळून उरलेल्या चोथ्यात पाणी घालून केलेला फिक्कट द्राव. वल्हेकऱ्यांची वाइन पिणाऱ्या माणसाच्या घरचा हा हिशेब. प्लिनीच्या पंगतीची समताही कोचावर आडव्या झालेल्यांपुरतीच. मुक्त झालेला गुलाम पंगतीत होता. लेट्यूस धुणारा, बर्फ फोडणारा, पेले भरत उभा असलेला गुलाम पंगतीत नव्हता. प्लिनी मला आवडतो, तरीही हे सांगितलंच पाहिजे.

ही वाइन आपल्या मातीपर्यंत आली होती. पहिल्या शतकाच्या मध्यात इजिप्तमधल्या कोणा ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं 'पेरिप्लस' म्हणून एक पुस्तक आहे, समुद्रमार्गांची आणि बाजारांची टिपणवहीच. बॅरिगाझा म्हणजे भडोच. तिथे कोणता माल खपतो त्याच्या यादीत वाइन आहे. पहिली पसंती इटलीच्या वाइनला, मग लाओडिकियाची आणि अरबस्तानची. त्याखाली राजासाठी न्यायच्या वस्तू वेगळ्या दिल्या आहेत. चांदीची भांडी, गाणारी मुलं, जनानखान्यासाठी सुंदर मुली, भारी कापड आणि उंची वाइन. बाजाराला एक प्रत, राजाला दुसरी. पंक्तिप्रपंच समुद्र ओलांडून आला तो असा, आणि मुलींची गणना त्यात भांड्यांच्या रांगेत आहे.

भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर, असं तो लिहितो. तिकडून गोमेद आणि सुती कापड गाड्यांवर लादून बंदराला येई. पैठणपासून फार दूर नाही असं प्रवरेकाठचं नेवासे. तिथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं, त्यात दोन कानांच्या रोमन मडक्यांचे, अॅम्फोरांचे तुकडे मिळाले. अशा मडक्यात साधारण २६ लिटर वाइन मावे. पुढे या तुकड्यांच्या मातीची तपासणी झाली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही तुकड्यांच्या मातीत नेपल्सच्या परिसरातल्या ज्वालामुखी वाळूचे काळे कण ओळखता आले. फालेर्नियनही त्याच कँपानिया प्रांतातली. मडक्यात कोणत्या मळ्याची वाइन होती ते माती सांगत नाही, पण मडकं कुठल्या किनाऱ्यावरचं ते सांगते.

मात्र पूर्वी पश्चिम भारतात जिथे जिथे अॅम्फोरा म्हणून नोंद झाली, ते सगळं रोमन होतं असं समजू नये. या शतकात पुन्हा तपासणी झाली तेव्हा त्यातले बरेच तुकडे इराकच्या बाजूला घडवलेल्या, आतून डांबर फासलेल्या, लांबट निमुळत्या मडक्यांचे निघाले. त्यांतली काही तर रोमन व्यापार ओसरल्यानंतरची आहेत. त्यांतूनही वाइन येत असावी; म्हणजे आपल्याकडचे गिऱ्हाईक एकट्या रोमवर अवलंबून नव्हते. कोल्हापुरात १९४०च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यांत समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती होती आणि वाढण्याची रोमन सुरईही. टाउन हॉल संग्रहालयात ही मूर्ती पाहायला जाल, तेव्हा त्या सुरईचीही आठवण ठेवा.

कल्याणहून घाटमाथ्यावर चढणारी जुनी वाट म्हणजे नाणेघाट. सातवाहनांचा शिलालेख तिथल्या लेण्यात आहे आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही. वाट उतरते जुन्नरला. त्याच जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ १९८०च्या दशकात फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन तयार होऊ लागली आणि तिच्या बाटल्या जहाजानं युरोपला रवाना झाल्या. तो कारखाना पुढे अडचणीत आला. तोवर २००१मध्ये राज्य सरकारचं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर झालं होतं आणि नाशिककडच्या मळ्यांत वाइनची द्राक्षं लागली होती.