टायटनचा पहिला आवाज

टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेल्या टायटन पाणबुडीच्या शेवटच्या दीड तासाची हकीकत जगाला ठाऊक आहे. पण तिचे दिवस भरले होते ते त्याच्या कितीतरी आधी. म्हणून घड्याळ जरा मागे न्यायला हवे.

जानेवारी 2018. टायटनची मालक असलेल्या ओशनगेट कंपनीचे सागरी मोहिमांचे संचालक डेव्हिड लॉक्रिज धोक्याची लेखी सूचना देतात. त्यांची नोकरी जाते. मार्चमध्ये तीन डझनांहून अधिक जाणकार कंपनीला पत्र लिहितात: त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करून घ्या. ती होतच नाही.

15 जुलै 2022. टायटनची ऐंशीवी बुडी. वर येताना मोठा आवाज होतो. त्यानंतर कार्बन फायबरच्या कवचावरचा ताण दाखवणारे आकडे बदलतात. आतले थर सुटू लागल्याची ही खूण. पाणबुडी दुरुस्तीला जात नाही. पुढचा हिवाळा ती कॅनडातल्या सेंट जॉन्सच्या गोठवणाऱ्या थंडीत उघड्यावर काढते.

18 जून 2023, सकाळ. पाच जण आत बसतात: कंपनीप्रमुख स्टॉक्टन रश, टायटॅनिकचे जाणकार पॉल-आंरी नार्जोले, ब्रिटिश साहसवीर हॅमिश हार्डिंग, शहजादा दाऊद आणि त्यांचा 19 वर्षांचा मुलगा सुलेमान. बाहेरून बोल्ट आवळले जातात. आतून दार उघडण्याची सोय नाही.

9.17. टायटन पाण्याखाली जाते.

10.47. खोली 3,341 मीटर. इथे नखाएवढ्या जागेवर साडेतीनशे किलोच्या आसपास भार असतो. ‘दोन वजने सोडली,’ असा संदेश खालून निघतो. वर पोलर प्रिन्स जहाजावर आधी धडाम असा आवाज ऐकू येतो आणि मग संदेश पडद्यावर उमटतो. सगळे ठीक आहे असे वाटून माणसे कामाला लागतात. प्रत्यक्षात तो आवाज टायटन चुरडल्याचा होता, आणि तो संदेशाच्या आधी वर पोहोचला होता. पाचही जण तेव्हाच गेले होते.

संध्याकाळ. सुमारे आठ तासांनी अमेरिकी तटरक्षक दलाला खबर मिळते. पुढचे चार दिवस जग 96 तासांच्या ऑक्सिजनचा हिशेब करत राहते.

22 जून. टायटॅनिकच्या नाळेपासून सुमारे 500 मीटरवर तुकडे सापडतात.

ऑगस्ट 2025. चौकशी अहवाल सांगतो, ही दुर्घटना टाळता आली असती. त्याच आठवड्यात भारताचे जतिंदर पाल सिंग फ्रान्सच्या नॉटील पाणबुडीतून 5,002 मीटर खाली जाऊन सुखरूप परततात. नार्जोले 1987 मध्ये टायटॅनिकपर्यंत गेले होते तेही नॉटीलमधूनच.

आता आपली ‘मत्स्य 6000’ पाणबुडी तिघांना टायटेनियमच्या गोलात बसवून 6,000 मीटर खाली नेण्याच्या तयारीत आहे. उद्या त्या कामावर वाशीमच्या एखाद्या शाळेतून शिकून गेलेली मुलगीही असेल. कवचातून आवाज आला की मोहीम थांबवण्याचा अधिकार तिला हवा, आणि तसे बोलल्याबद्दल तिची नोकरी जाता कामा नये. टायटनच्या पाच जणांकडून एवढे तरी शिकायलाच हवे.